लोकलमधले इअरफोन: आवाज घरी ठरवा, गाडीत नाही

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात

कल्याणला राहणाऱ्या आणि अंधेरीत नोकरी करणाऱ्या २७ वर्षांच्या एका वाचकाचं हे पत्र. आठवड्याचे सहा दिवस, जाऊन-येऊन रोज तीन तास प्रवास, दादरला गाडी बदलायची. गर्दीत फोन बाहेर काढायला नको म्हणून त्या मेमरी कार्डाचा छोटा प्लेअर आणि वायरचे इअरफोन वापरतात. ऑफिसातही काम करताना आणखी दोनेक तास गाणी सुरू असतात. त्या लिहितात, "आवाज कधीही ६० टक्क्यांच्या वर नेत नाही, इअरफोनही चांगल्यातले आहेत. तरी दोन-तीन महिन्यांपासून रात्री पाठ टेकली की कानांत बारीक कुई ऐकू येते. सकाळपर्यंत जाते." नवऱ्याचं म्हणणं, गाणी बंद कर. मैत्रिणीचं म्हणणं, नॉइज कॅन्सलिंगचे घे म्हणजे प्रश्न मिटेल. पण तसे घातले तर गाडी आलेली कळणार नाही अशी भीती वाटते, म्हणून सध्या त्या एकाच कानात इअरफोन घालतात. शिवाय त्यांचे वडील रात्री प्लेअर चार्जिंगला लावून उशीखाली ठेवतात आणि कानात इअरफोन घालून हरिपाठ ऐकत झोपतात. "आम्ही दोघांनीही हे बंदच करावं का?"

उत्तर

नमस्कार,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकू: बंद करायची गरज नाही. नोकरी आणि घर यांच्या मध्ये स्वतःचा म्हणावा असा वेळ अनेकींना लोकलमध्येच मिळतो. तो सोडून द्या म्हणणं सोपं आहे, पण तसा निश्चय फार दिवस टिकत नाही. मात्र तुमच्या ऐकण्यात तीन-चार गोष्टी बदलायला हव्यात आणि त्या याच आठवड्यात बदलायला हव्यात. कुई सकाळपर्यंत जाते म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करू नका.

ती का येते ते आधी पाहू. कानाच्या आतल्या शंखात आवाज टिपणाऱ्या केसपेशी असतात, प्रत्येक कानात साधारण १५ ते १६ हजार. मोठा आवाज बराच वेळ पडला की त्या थकतात. ऐकू थोडं कमी येतं, कान भरल्यासारखे वाटतात, कुई सुरू होते. विश्रांती मिळाली की बहुतेक पेशी सावरतात आणि सकाळी सगळं ठीक वाटतं. पण रोज थकवल्या तर काही पेशी कायमच्या मरतात, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. २००९ साली अमेरिकेत उंदरांवर झालेल्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली. ऐकण्याची चाचणी पुन्हा पूर्ववत आली, तरी पेशी आणि श्रवणाची नस यांच्यातले कितीतरी सांधे कायमचे गेलेले होते. माणसात हे नेमकं किती घडतं यावर अजून काम सुरू आहे. तरीही "सकाळी जाते ना, मग झालं" हा हिशेब धरून चालू नका.

आता तुमचे ६० टक्के. हा नियम बऱ्याच ठिकाणी सांगितला जातो आणि तुम्ही तो मनापासून पाळताय, पण टक्के म्हणजे डेसिबल, म्हणजे आवाजाचं खरं माप, नव्हे. प्लेअरच्या पडद्यावरचा आकडा एवढंच सांगतो की बटण कुठवर नेलं आहे. कानात प्रत्यक्ष किती आवाज पडतो हे इअरफोनच्या संवेदनशीलतेवर ठरतं. इअरफोनच्या खोक्यावर बारीक अक्षरात ती छापलेली असते. एका मिलिवॉट विजेला कुणी ९५ डेसिबल देतो, कुणी ११० किंवा जास्त. म्हणजे प्लेअर तोच, आकडा तोच, पण इअरफोन बदलले की कानातला आवाज १०-१५ डेसिबलने वाढू शकतो, आणि १० डेसिबल म्हणजे दहापट ऊर्जा. "चांगल्यातले" इअरफोन अनेकदा जास्त संवेदनशील असतात, म्हणून त्यांच्यावर ६० टक्के हा आकडा भलताच मोठा ठरू शकतो. त्यात काही प्लेअरमध्ये 'गेन' नावाची, इअरफोनला किती जोर द्यायचा ते ठरवणारी सोय असते. ती 'हाय'वर राहिली असेल तर तेच ६० टक्के आणखी वर जातात. हाय गेन मोठ्या, जड हेडफोनसाठी असतो. छोट्या इअरफोनला तो सहसा लागत नाही, तेव्हा आज घरी गेल्यावर तो 'लो'वर आहे ना, एवढं पहिल्यांदा बघा.

पण माझ्या मते खरा दोष ना प्लेअरचा आहे, ना गाण्यांचा. दोष डब्यातल्या गोंगाटाचा आहे. रुळांची घरघर, डोक्यावरचे पंखे, उघडी दारं-खिडक्या, चार ठिकाणी चाललेल्या गप्पा, बाजूने सुसाट जाणारी दुसरी गाडी, हे सगळं मिळून ८० डेसिबलच्या आसपास सहज जातं. गाण्याचे शब्द कळायला गाणं त्या गोंगाटाच्या वर हवं, म्हणून बोट आपोआप बटणावर जातं. बाहेरचा आवाज न अडवणारे इअरफोन असतील तर कानात ८५ ते ९० डेसिबल होतात आणि तरीही ते मोठं वाटत नाही, कारण आजूबाजूचंही सगळं मोठंच असतं. तोच आकडा तसाच ठेवून रात्री घरी शांततेत इअरफोन लावून पाहा. तुम्ही दचकाल.

त्यातून एका कानाचा उपाय. सावधपणासाठी तुम्ही तो केलात हे समजतं, पण दोन्ही बाबतींत तो उलटा पडतो. दोन्ही कानांनी ऐकताना तोच आवाज मेंदूला जास्त मोठा वाटतो. एकाच कानाने ऐकताना तेवढंच समाधान मिळायला आवाज काही डेसिबल वाढवावा लागतो, आणि मोकळ्या कानातून डब्याचा गोंगाट येतच असतो, म्हणून आणखी वाढवावा लागतो. सगळा भार एकाच कानावर पडतो. आणि सुरक्षितता? आवाज कुठल्या बाजूने आला हे मेंदू दोन्ही कानांची तुलना करून ओळखतो: कुठे आधी पोहोचला, कुठे मोठा पोहोचला. एक कान गाण्याने भरलेला असला की हॉर्न ऐकू येतो, पण डावीकडून की उजवीकडून हे चटकन कळत नाही. रस्त्यावर किंवा फलाटावर तेच तर कळायला हवं असतं. तेव्हा डब्यात सुखरूप उभ्या असाल तर दोन्ही कानांत, हलका आवाज. सावध राहायच्या जागी दोन्ही कान मोकळे.

आता हिशेब मांडू, म्हणजे किती ऐकलं तर चालेल हे तुमचं तुम्हाला ठरवता येईल. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी मिळून केलेल्या मानकाप्रमाणे मोठ्या माणसाला आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास चालतात. पुढे दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. ८३ वर २० तास, ८६ वर १०, ८९ वर ५, ९२ वर अडीच तास. ९५ ला गेलात तर पूर्ण आठवड्याचा कोटा सव्वा तासात संपतो. तुमचे प्रवासाचे तास आठवड्याला १८. डब्यात ८९ डेसिबल धरले तर ५ तासांच्या जागी १८, म्हणजे साडेतीन पटींहून जास्त. ऑफिसातले १२ तास ८० डेसिबलवर असतील तर त्यांनी कोट्याचा तिसरा हिस्साही वापरला जात नाही. म्हणजे ऑफिसातली गाणी बंद करून काही साधणार नाही. सुधारायचा आहे तो प्रवास. तेच १८ तास ८० डेसिबलवर आणता आले तर प्रवासाचे ४५ टक्के आणि ऑफिसचे ३० मिळून ७५ टक्के होतात. एकही गाणं कमी न करता तुम्ही कोट्यात बसता.

(लहान मुलांसाठी हीच मर्यादा ७५ डेसिबलची आहे, वेळ तोच ४० तास. बाजारात मुलांचे म्हणून ८५ डेसिबलला अडवलेले हेडफोन मिळतात. ८५ वर मुलाचा आठवड्याचा कोटा जेमतेम चार तासांत संपतो, हे पालकांनी खोक्यावरची जाहिरात वाचताना ध्यानात ठेवावं.)

हा कोटा फक्त इअरफोनचा नाही, कानावर पडणाऱ्या सगळ्या आवाजाचा आहे. विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीजवळ १०० डेसिबलच्या वर आवाज सहज असतो, आणि १०१ डेसिबलवर आठवड्याचा कोटा वीस मिनिटांच्या आत संपतो. अशा आठवड्यात उरलेले दिवस कानांना सुट्टी द्या. मिरवणुकीला जाताना केमिस्टकडे मिळणारे फोमचे कानबोळे लावा.

आता ८९ वरून ८० वर यायचं कसं. आवाज कमी करण्याआधी गोंगाट बाहेर अडवायचा. तुमचे इअरफोन कुठल्या जातीचे आहेत ते पत्रात नाही. कानाच्या तोंडाशी नुसते टेकणारे, कडक प्लास्टिकचे असतील तर ते गोंगाट अडवतच नाहीत आणि लोकलसाठी ते सोडलेलेच बरे. सिलिकॉनचं रबर लावून कानाच्या आत बसणारे असतील तर काम निम्मं झालं, फक्त रबराचं माप बरोबर हवं. खोक्यात लहान-मध्यम-मोठी अशी तीन मापं येतात. बहुतेक जण मध्यमवर ठेवतात आणि बाकीची पिशवी हरवतात. दोन्ही कानांची मापं वेगळी असू शकतात, त्यामुळे एकीकडे मध्यम आणि दुसरीकडे मोठं लागलं तर तसंच लावा. घालताना दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढा, इअरफोन थोडा फिरवत आत सरकवा, मग पाळी सोडा. नीट बसलं का हे कळायला गाणं न लावता "हंऽऽ" असा स्वर धरा. तो डोक्यात घुमल्यासारखा, भरदार वाटला तर बसलं. मग कानाजवळ बोटं एकमेकांवर घासा. खसखस जवळपास ऐकू येऊ नये. नीट बसलेलं रबर मधल्या आणि वरच्या पट्टीतले आवाज १५ ते २५ डेसिबल अडवतं. फोमची टोपणं आणखी चांगली अडवतात, पण काही महिन्यांत घट्टपणा जातो आणि बदलावी लागतात. जादा रबरांचा जोड शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. नवीन इअरफोनवर हजारो घालवण्याआधी हा प्रयोग करून पाहा.

मैत्रिणीचा सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. नॉइज कॅन्सलिंग मुख्यतः खालच्या पट्टीतली, एकसारखी चालणारी घरघर कापतं: गाडीची, पंख्याची, एसीची. माणसांचं बोलणं, हॉर्न, ब्रेकची किंचाळी यांवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. ते अडतात रबरामुळे. दोन्ही एकत्र असली तर डब्यात खूपच शांत वाटतं आणि आवाज आपोआप खाली येतो, म्हणून प्रवासासाठी ते घेणं योग्यच आहे. पण नॉइज कॅन्सलिंग म्हणजे संरक्षण नव्हे. ते घालून कुणी आवाज ९५ वर नेला तर कान तेवढेच बिघडतात. आणि हाड-कंपनाचे, कान उघडा ठेवणारे हेडफोन? रस्त्यावर चालताना ते बरे, कारण बाहेरचं ऐकू येतं. लोकलमध्ये मात्र गोंगाटावर मात करायला तेही वाढवावे लागतात, आणि हाडातून गेलं तरी कंपन शेवटी त्याच केसपेशींवर पोहोचतं.

यापुढची पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: आवाज घरी ठरवायचा. रात्री खिडकी लावा, पंखा दोन मिनिटं बंद करा, इअरफोन नीट बसवा. नेहमीच्या ऐकण्यातलं एक गाणं शून्यापासून सुरू करा आणि एकेक पायरी वर या. ज्या पायरीवर शब्द न शब्द स्पष्ट कळतो तिथे थांबा, पुढे नाही. समजा ३० पैकी १२ आलं. हा तुमचा आकडा. गाडीत फार झालं तर त्याच्यावर दोन पायऱ्या, म्हणजे १४. त्यातही ऐकू येत नसेल तर रबर नीट बसलेलं नाही किंवा डबा फारच गजबजलेला आहे. तेव्हा बटण नव्हे, रबर नीट करा, नाहीतर तेवढा वेळ थांबा. प्लेअरच्या सेटिंगमध्ये 'मॅक्स व्हॉल्यूम' किंवा 'व्हॉल्यूम लिमिट' असेल तर ती १४ वर टाकून द्या. 'स्टार्टअप व्हॉल्यूम' असेल तर १२ वर. फोनवर ऐकणाऱ्यांसाठी: आयफोनमध्ये सेटिंग्ज, साउंड्स अँड हॅप्टिक्स, हेडफोन सेफ्टी इथे 'रिड्यूस लाउड ऑडिओ' आहे, ते सुरू करून ८० डेसिबलवर आणा. सॅमसंगमध्ये आवाजाच्या सेटिंगमध्ये 'मीडिया व्हॉल्यूम लिमिट' मिळते. इतर फोनमध्ये सेटिंगच्या शोधपट्टीत 'व्हॉल्यूम लिमिट' टाकून पाहा. इअरफोन बदलले की हा सगळा प्रयोग पुन्हा करायचा, जुना आकडा नव्या इअरफोनला लागू होत नाही.

आणखी एक बारकावा. एकाच कार्डावर जुनी रेकॉर्डिंग आणि आजची गाणी एकत्र असतील तर त्यांच्या पातळीत मोठा फरक असतो. जुनं भावगीत ऐकायला आवाज वाढवला की पुढचं नवं गाणं कानात आदळतं. प्लेअरमध्ये 'रिप्लेगेन', म्हणजे सगळी गाणी एका पातळीवर आणणारी सोय, असेल तर सुरू करा, मात्र त्यासाठी गाण्यांच्या फाइलींवर संगणकावर एकदा ती खूण घालून घ्यावी लागते. तेवढा खटाटोप नको असेल तर जुनी-नवी वेगवेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा.

एक परीक्षा बरेच जण सांगतात: हाताच्या अंतरावर बोलणारा ऐकू आला नाही किंवा शेजारच्याला तुमचं गाणं ऐकू आलं तर आवाज जास्त. रबराच्या इअरफोनला ती लागू पडत नाही. तिथे गाणं बंद असतानाही शेजारचं बोलणं नीट ऐकू येत नाही, आणि आवाज ९५ वर असला तरी शेजारचीला काही ऐकू जात नाही. म्हणून घरी ठरवलेल्या आकड्यावरच भरवसा ठेवा.

आता गाडी न कळण्याची भीती. ती रास्त आहे आणि तिच्यावर तडजोड नको. ताशी ९० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला २५ मीटर कापते. शंभर मीटरवर दिसली तर हातात चार सेकंद, आणि कानात इअरफोन असले की त्यातला काही वेळ कळण्यातच जातो. म्हणून नियम आवाजाचा न ठेवता जागेचा ठेवा. जिना, पूल, फलाट, रिक्षा स्टँड, रस्ता या जागी कानात काहीही नको. गाणं थांबवून इअरफोन कानात राहू दिलेत तरी रबर आवाज अडवतच राहतं, म्हणून काढायचेच. डब्यात शिरून पाय रोवून उभ्या राहिलात, हातात कडी आली, की घाला. जाताना दादरला उतरायचं तर कुर्ला गेलं की काढून पर्समध्ये. अंधेरीसाठी पार्ले आलं की. ऐनवेळी, दाराशी रेटारेटीत काढायला गेलात तर लक्ष हातात राहतं आणि पाय फट चुकतो. रात्री उशिरा, डबा रिकामा असेल तेव्हाही कान मोकळेच ठेवा. कोण चढलं, कोण बोलतंय हे ऐकू येणं तिथे गाण्यापेक्षा महत्त्वाचं. नॉइज कॅन्सलिंगच्या इअरफोनमध्ये बाहेरचा आवाज आत घेणारी 'ट्रान्सपरन्सी' सोय असते. ती डब्यात पुढचं स्टेशन कुठलं हे ऐकायला चांगली, पण फलाटावर तिच्या भरवशावर राहू नका. रूळ ओलांडणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं का? रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे, आणि कानात गाणं असताना जिवाशी खेळ.

वायर कुर्त्याच्या आतून घ्या. बाहेर लोंबणारी वायर दुसरीच्या बॅगेच्या पट्ट्यात अडकते, आणि उतरणारी बाई पुढे, तुम्ही मागे, मध्ये ताणलेली वायर असा प्रसंग येतो. बिनवायरचे घेतलेत तर गर्दीत शिरण्याआधी काढून डबीत ठेवायची सवय लावा. एखादा रुळावर पडलाच तर खाली उतरू नका. स्टेशन मास्तरांच्या कार्यालयात जागा नेमकी सांगा. नाही मिळाला तर सोडून द्या.

वडिलांचा प्रश्न वेगळा आहे. रात्री शांततेत हरिपाठ बहुधा हलक्याच आवाजात लागत असेल, त्यामुळे कानाचा धोका त्यांना तुमच्याइतका नाही. धोका चार्जिंगचा आहे. चार्जरमध्ये भिंतीतले २३० व्होल्ट आणि प्लेअरकडे जाणारे ५ व्होल्ट यांच्यामध्ये एका छोट्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन असतं. स्वस्तातल्या, बिनखुणेच्या चार्जरमध्ये हे अंतर कमी ठेवलेलं असतं आणि ते फुटलं तर भिंतीतला वीजप्रवाह वायरवाटे थेट कानापर्यंत येतो. घामाने किंवा पावसाळी दमटपणाने कातडी ओली असेल तर आणखी वाईट. म्हणून चार्ज करताना कानात इअरफोन नकोत, एवढा एक नियम घरात सगळ्यांनीच पाळावा. चार्जरवर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि तिच्याखाली 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये टाकला की खरा की खोटा कळतं.

दुसरं म्हणजे उशी. लिथियम बॅटरी चार्ज होताना गरम होते आणि उशीखाली ती उष्णता अडकते. बॅटरी लवकर खराब होते आणि काही वेळा फुगते. प्लेअरचं मागचं झाकण उचलल्यासारखं वाटलं, पडदा कडेने सुटला, सपाट टेबलावर ठेवल्यावर प्लेअर डुलला, तर बॅटरी फुगली आहे. मग चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका. घरात पेट घेणाऱ्या वस्तूंपासून दूर, फरशीवर ठेवा आणि सर्व्हिस सेंटर किंवा ई-कचरा केंद्रात द्या, ओल्या-सुक्या कचऱ्याच्या डब्यात नाही. संध्याकाळी जेवणाच्या वेळी, टेबलावर, डोळ्यांसमोर चार्ज करणं सगळ्यात बरं. टाइप-सीचं तोंड असलेले काही स्वस्त प्लेअर दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या केबलने चार्जच होत नाहीत. प्लेअर बिघडला असं समजण्याआधी एकीकडे जुनं, चपटं यूएसबी असलेली केबल लावून पाहा.

झोपताना वडिलांना इअरफोनच्या जागी उशाशी छोटा स्पीकर द्या आणि प्लेअरवर अर्ध्या तासाचा 'स्लीप टायमर' लावून द्या. कुशीवर झोपल्यावर इअरफोन कानाच्या नळीत रुततो, मळ आत ढकलला जातो, आणि गळ्याभोवती वायर राहते ती वेगळीच.

स्वच्छतेचं थोडक्यात. आठवड्यातून एकदा रबरं काढून कोमट पाणी आणि साध्या साबणाने धुवा, पूर्ण वाळल्याशिवाय लावू नका. इअरफोनची जाळी खाली तोंड करून कोरड्या मऊ ब्रशने झाडा, टाचणी घालू नका. पावसात भिजून गाडीत चढलात तर कान कोरडे होईपर्यंत इअरफोन घालू नका, कारण बंद, ओल्या कानात बुरशी वाढते. खाज, पाण्यासारखा स्राव, पांढरे-काळे कण दिसले तर इअरफोन बंद आणि कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे. कोमट तेल, लसणीचं तेल कानात घालायचा घरगुती सल्ला अशा वेळी हमखास मिळतो. तो मानू नका, ओल आणखी अडकते. आणि इअरफोन दुसऱ्याला देऊ नका, घेऊही नका.

वरचे बदल करून दोन आठवडे कुईवर लक्ष ठेवा. कमी झाली तर दिशा बरोबर आहे. तरीही एकदा श्रवणचाचणी करून घ्याच. प्युअर टोन ऑडिओमेट्री म्हणतात तिला, अर्ध्या तासात होते आणि दुखत नाही. वांद्र्याला, रेक्लमेशनजवळ, अली यावर जंग ही वाचा आणि श्रवणदोषांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे होते. मोठ्या रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागातही होते. चाचणीच्या आदल्या संध्याकाळपासून इअरफोन लावू नका, नाहीतर थकलेल्या कानाची चाचणी होईल. ३००० आणि ६००० हर्ट्झवरही तपासा असं मुद्दाम सांगा, कारण आवाजाने झालेली इजा आधी ३००० ते ६००० च्या पट्ट्यात, बहुतेकदा ४००० ला दिसते: चाचणीचा आलेख तिथे खाली येतो आणि ८००० ला पुन्हा वर चढतो. रोजच्या जगण्यात याची खूण म्हणजे स, श, ख, फ अशी व्यंजनं निसटू लागतात. आवाज येतो, पण माणूस 'साठ' म्हणाला की 'आठ' ते गर्दीत कळत नाही.

कुई एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर वाजत असेल, सोबत चक्कर येत असेल, तर दोन आठवडे थांबू नका. एका कानाचं ऐकणं एकाएकी गेलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्यावरचे उपचार पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू झाले तर उपयोग होण्याची शक्यता जास्त असते. आणि आलेख अगदी सरळ आला तरी त्याची प्रत जपून ठेवा, वर्षभराने पुन्हा चाचणी कराल तेव्हा ती शेजारी ठेवून बघता येईल.